सव्वीस आटे

रात्री दोनला माझगावात पाइप फुटला.
पाणी गुडघ्याच्या वर. घाईत मी
भलताच व्हॉल्व्ह आवळला.
डोंगरीचे नळ कोरडे, इथली धार तशीच.

साहेब आले. टॉर्च, आवाज:
"कोणी केलं हे?"

पागधरे मुकादम खड्ड्यातूनच म्हणाले, "मी."
वर बघितलंसुद्धा नाही.

मग चहा आला. ग्लास सहा, माणसं सात.
मोजताना ते स्वतःला नेहमीच विसरायचे.

पहाटे चावी माझ्याच हातात दिली.
"सव्वीस आटे. तोंडाने मोजायचे,
मनातल्या मनात नाही."

आता ते पेन्शनीत, पालघरला.
माझ्या हाताखाली पाच पोरं.
काल एकाचं चुकलं,
साहेबांनी विचारलं.

"मी" म्हणायला
मला तीन आटे लागले.