नववा आक्षेप

मीटरवर ब्याऐंशी हजार किलोमीटर.
क्लचच्या पेडलचं रबर मात्र
जुन्या चपलेच्या टाचेसारखं एका बाजूला झिजलेलं.
तेव्हाच कळायला हवं होतं मला.
तेहतीस वर्षं महालेखाकार कार्यालयात
दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
आणि भिंडच्या एका ठेकेदाराची
पांढरी, उंच, सात सीटांची गाडी
चार लाख दहा हजारांना
चहा पिता पिता घेऊन आले.

ट्रान्सपोर्ट नगरात तौफीक मिस्त्री
गाडीकडे आधी बघतच नाही.
डोळे मिटून ऐकतो
गार इंजिनाचा पहिला खडखडाट,
डब्यात सुटी नाणी हलवावीत तसा.
"चेन," म्हणतो, "टायमिंग की."
मग बॉनेटवर तळवा ठेवून, जरा थांबून,
"टर्बो भी सीटी मार रहा है, ताई."
(ताई हा शब्द ग्वाल्हेरात
हिंदीलाही येतो.)

सिगारेटचं पाकीट उसवून
आतल्या पांढऱ्या बाजूवर तो लिहितो:
चेन, अठ्ठावीस हजार.
टर्बो नवा बेचाळीस. उघडून दुरुस्त केला तर सोळा,
पण मग अल्ला मालिक.
रेडिएटर साडेनऊ, नाहीतर जूनमध्ये
फूलबागेच्या सिग्नलला काटा लाल.
क्लच अठरा.
बुश, खालचे आर्म, चारही शॉकअप साडेछत्तीस,
सगळं चंबळकडच्या रस्त्यांनी चावून टाकलेलं.
एसीचा कंप्रेसर,
आणि त्यापुढे नुसतीच एक रेघ.

बेरीज मीच केली, नवा टर्बो धरून.
एक लाख चौतीस हजार.
रेघेची किंमत धरली नाही.

त्यानं मॅट उचललं.
खाली हळदीचे तांदूळ, वाळून खडे झालेले,
एक रिकामं काडतूस
(वरातीत उडवलं असणार,
असं आम्ही दोघांनी पटकन ठरवून टाकलं)
आणि गंज.
स्क्रूड्रायव्हर टेकवला तर
पत्रा भिजल्या पापडासारखा आत गेला.

"बेच दो," तौफीक म्हणाला.
"जनवरी में. सुबह-सुबह.
कोहरे में धुआँ किसे दिखता है?"
सल्ला चांगला होता.
मलाही कोणी तरी तसाच
धुक्यातल्या सकाळी गाठलं होतं.

घरी येऊन मी फुलस्केप कागद घेतला.
समास सोडला. वर लिहिलं: गाडी विकणे आहे.
खाली आक्षेप, क्रमवार.
पहिला: मीटर मागे फिरवलेलं आहे.
आठवा: मागच्या सीटखालचा पत्रा, सांभाळून बसावे.
हिंदीत एक प्रत केली, सही केली, तारीख घातली,
आणि त्याच्याच अंगणात उभ्या गाडीच्या
काचेला आतून चिकटवली.

मुरैन्याचा एक गजकवाला आला.
उभ्यानं पूर्ण वाचलं,
मला नमस्कार केला, जणू मी आजारी आहे,
आणि निघून गेला.
दुसरा वाचता वाचता हसला
आणि किंमत न विचारताच गेला.
तिसरा आला नाही.
तौफीकची पोरं जेवणाच्या सुट्टीत
माझा कागद मोठ्यानं वाचू लागली.
ती मला आता ऑडिटवाली ताई म्हणतात.

तीन आठवडे झाले.
सोमवारी गेले तर आठव्याच्या खाली
पेन्सिलीनं, तेलकट अंगठ्याच्या ठशाशेजारी,
कुणीतरी भर घातलेली:
नौ. पिछले बाएँ पहिए का बेयरिंग. आज सुना.

पुढे आकडा नव्हता.
तौफीक पलीकडे एका ट्रॅक्टरच्या पोटात
डोकं खुपसून होता, मुद्दाम.
मी लाल पेन काढलं,
नवव्यासमोर लिहिलं: आक्षेप मान्य.
किल्ली त्याच्या पान्यांच्या शेजारी ठेवली.
"हे आधी करा," म्हटलं.
"बाकीचं पेन्शन येईल तसं."

तो बाहेर आला नाही.
आतूनच त्यानं विचारलं,
"चेन में आवाज़ सुबह ज़्यादा है कि शाम को?"