दिवाळीपर्यंत

रक्षाविसर्जनाहून परतलो,
पावलांना पंचगंगेचा चिखल तसाच.
चहा आला. थंड झाला.

मग सर्जेराव म्हणाला, "फायनलला
केरबानं आमचे अकरा शर्ट एका रात्रीत शिवले.
पैसे विचारले तर म्हणाला, गोल मारा, फिटलं."
पलीकडच्या पेठेतला बाळासो मान खाली घालून हसला:
"आमचेबी त्याच रात्री शिवलेत की!"

"लबाड!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे सुटलेच.
कुणी त्याची लुना काढली, कुणी रुसवा,
कुणी गंगावेशीतलं धारोष्ण दूध,
वर चार चमचे साखर, रोज सकाळी.

आतल्या दारात हिराक्का उभी.
"रोज?"
कुणी बोलेना.
"आन् मी हितं त्यास्नी अकरा वर्सं
मेथीचं पाणी पाजतोय!"
तोंडाला पदर लावून हसली,
इतकी,
की पदर मग तिथंच राहिला.

निघताना मशीनवर माझी पँट दिसली.
एक पाय दुमडून शिवलेला,
दुसऱ्याला नुसत्या टाचण्या.
"घेऊन जा," सर्जेराव म्हणाला.
म्हटलं, असू दे.
दिवाळीपर्यंत देतो म्हणालाय.