बर्फाची वही

लुसियन गॅन्योंच्या हार्डवेअर दुकानात
खिळ्यांच्या खणाशेजारी दोरीनं बांधलेली एक वही आहे.
१८७४ पासून तिच्यात एवढंच: तळ्यावरचा बर्फ कधी गेला.
तारीख, वेळ,
आणि समासात जागा उरलीच तर गाव.

२ मे. पहाटे. लाकडाची गिरणी परवा जळाली.
२९ एप्रिल. पहिली बोट आली. डॉक्टरच्या बायकोचा पियानो, ओला.
२७ एप्रिल. ओक्सांची दोन्ही पोरं सापडली.
(ओक्सांची गल्ली अजून आहे. ओक्स नाहीत.)
१९१८ला अक्षर बाईचं, गोल.
पुढची तीन पानं तसंच.
२४ एप्रिल. रेल्वे बंद झाली. तळं वेळेवर.

तळ्याचं आधीचं नाव वहीत कुठंच नाही.
ज्यांनी ते ठेवलं त्यांना वही लागत नव्हती.
फाट्यावरच्या पाटीवर ते उरलंय,
चुकीच्या स्पेलिंगसकट.

सिग्नल एकच, तोही नुसता पिवळा लुकलुकणारा.
दोन चर्च, एकमेकांकडे पाठ करून.
बोस्टनहून चाळीस वर्षं येणाऱ्यांना
गाव अजून 'उन्हाळी' म्हणतं.
मी अकरा वर्षं इथल्या दवाखान्यात नर्स आहे,
मला काहीच म्हणत नाहीत.
म्हणजे बरं चाललं असावं.

दर हिवाळ्यात तळ्याच्या मध्यावर नेऊन ठेवतात
बंद पडलेल्या सलूनमधली खुर्ची.
खुर्चीला तार, तारेला काठावरचं घड्याळ.
ती बुडाली की घड्याळ थांबतं.
पैज दोन डॉलरची, पैसे आगीच्या बंबाला.
मग दोरानं ओढून काढतात, वाळवतात,
पुढच्या वर्षी पुन्हा तीच.

यंदा खुर्ची एकवीस मार्चलाच गेली.
लुसियननं पेन उचललं, खाली ठेवलं.
हात थरथरतो त्याचा हल्ली.
वही माझ्याकडे सरकवत म्हणाला,
तू लिही. गोळ्यांच्या बाटलीवरचं तुझं अक्षर
मला चष्म्याशिवाय लागतं.

मी तारीख लिहिली. वेळ, तीन वाजून बारा मिनिटं.
आणि उगाचच सांगून बसले, की आमच्या भाषेत
बाई सुखरूप बाळंत झाली की म्हणतात,
मोकळी झाली.

तो खिडकीतून बघत राहिला.
पाणी काळं होतं, नुकतंच हलायला लागलेलं.
मार्चमध्ये? तो म्हणाला.
मग हे दिवस भरायच्या आधीचं.

समासात जागा होती.
तेवढ्यात कुणीतरी आलं,
दोन इंची खिळे, पाव किलो.