वाटी

वाटण्या झाल्या त्या दिवशी सासऱ्यांनी
दोरी धरून अंगण मापलं,
कडुनिंबाच्या फांद्यासुद्धा मोजल्या.
शेवटी उरला पाटा-वरवंटा.
पाटा माझ्याकडे आला, वरवंटा थोरल्या जावेकडे.
कोणाचं मन दुखू नये म्हणून, म्हणाले.

मग मधे भिंत, छातीएवढी, वर बाभळीचे काटे.
बाजारातून मी नवा वरवंटा आणला,
पण चाळीस वर्षं झिजलेल्या पाट्याच्या खोलगटीत
तो काही बसेना.
लसणाची एखादी पाकळी अख्खी सुटायची
आणि जेवताना दाताखाली येऊन हसायची.

चटणी करायची तर पेरण्यापासून, हे खूळ माझं.
नवरा म्हणतो, दुकानात पाच रुपयाला पुडी मिळते.
मिळते. मी कुठं नाही म्हणते.

सांदवाडीतल्या फुटक्या नांदीत सांबार.
धणे आधी चपलेखाली रगडायचे,
दोन फाका झाल्याशिवाय ते मनावर घेत नाहीत.
गंजलेल्या तेलाच्या डब्यांत मिरची.
मावा आला की चुलीची राख, पहाटे, दव असतानाच,
पानांच्या पोटाखाली.
जवसाला हातभर रुंद पट्टी, विहिरीच्या वाटेला.
निळी फुलं येतात
आणि शाळेची मधली सुट्टी होईतो गळून जातात.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच.
पोरगी विचारते, आई, ही रोज कुठून उसनी आणतात?

कढीपत्ता भिंतीलगत. लावला मी,
बुडाशी आंबट ताक ओतून वाढवलाही मीच.
पण त्याच्या मुळांना कोणी दोरी दाखवली नव्हती.
चौथ्या वर्षी पलीकडे कोंब निघाले असणार,
कारण पंचफुलाबाईच्या वरणाला
माझ्या झाडाचा वास यायला लागला.
दोन दिवस मी भांडी आपटली.
तिसऱ्या दिवशी ताक ओतताना
जरा भिंतीच्या अंगानं ओतलं.
का, ते विचारू नका.

यंदा फाल्गुनात जवस तव्यावर घातले.
ते तडतडतात, झाकण ठेवावं लागतं,
नाहीतर घरभर वेचत बसा.
मग मिरच्या, देठ खुडलेल्या, वाळून खुळखुळणाऱ्या.
तेवढ्यात वारा फिरला.
मला ठसका लागला.
भिंतीपलीकडून दुसरा ठसका.
मग माझा. मग तिचा.
मांजर चुलीजवळून उठून गेलं.
आणि सात वर्षांनी पहिला शब्द आला,
खोकल्यात अर्धा बुडालेला:
"काहून वं, गाव जाळून राह्यली का?
आच कमी कर!"

मी आच कमी केली.

वाटून झाल्यावर चटणीचा गोळा
पळसाच्या पानावर ठेवला, पान काट्यांवरून धरलं.
किती वेळ धरलं कोणास ठाऊक, हात भरून आला.
मग पान हलकं झालं.

वरवंटा परत आला असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.
नाही आला.
पण पलीकडे तो दगडावर फिरला, मी ऐकलं.
त्याची घरघर मला पाठ आहे,
नवी नवरी होते तेव्हापासून.
घरघर, मग थांबणं, पाण्याचा हबका, पुन्हा घरघर.
थोड्या वेळानं काट्यांवरून एक पितळी वाटी आली.
आत माझीच चटणी,
लोण्यासारखी, लसूण कुठं लपलेला नाही.
"मीठ भुलली वं तू," एवढंच म्हणाली,
आणि बादली उचलून गेली.

खाल्ली. मीठ बरोबर होतं.
त्याचाच जरा राग आला.

आता ती वाटी माझ्या फळीवर आहे, घासून पालथी.
रिकामी कशी पाठवणार?
कवठाची चटणी द्यावी म्हणून तीन कवठं पाडली.
एक फोडलं, ते कच्चं निघालं.
उरलेली दोन मी रोज सकाळी
कानाशी धरून हलवते,
आतला गर कवटीपासून सुटला का
ऐकत.