तीन दोन एक दोन एक दोन

ग्लेनिसने सांगितलं चहाच्या सुट्टीत,
बिस्किट कपात अर्धं बुडवून :
चारशे सत्तावन्न बंद झाला, डिओ.
आता चारशे ब्याऐंशी.
बिस्किट तुटून तळाशी गेलं.
ती चमच्याने शोधत राहिली.

इंजिनाचा नंबर बदलला की मी आधी विचारतो,
आत काय बदललं?
पिस्टन, गास्केट, की नुसता रंग?
ती म्हणाली, फॉर्म.

म्हणजे ये रे माझ्या मागल्या.
डिओस्दादो माग्बानुआ, जन्म इलोइलो,
दुबईच्या गॅरेजचं पत्र जोडा.
ते गॅरेज आता पडद्याच्या कापडाचं दुकान आहे.
रोमा गावातली माझी नऊ वर्षं
साहेबाने एका परिच्छेदात बसवली,
त्यातही माझं आडनाव चुकवलं.

सरकारदरबारी माझ्या कामाला आकडा आहे :
तीन दोन एक दोन एक दोन.
डिझेल मेकॅनिक.
लिगायाने तो ऐकून ऐकून पाठ केलाय.
घरासमोरच्या लाकडी जिन्यावर ती तो खेळते,
तिसरी पायरी, दुसरी, पहिली,
पुन्हा दुसरी, पहिली, दुसरी.
एकदाही पाय जमिनीला लागत नाही.
दारापर्यंतही पोचत नाही.

नियम असा की आधी जाहिरात द्यायची.
माझ्या जागेची. मी त्या जागेवर उभा असताना.
मायक्रोवेव्हच्या वर ग्लेनिसने कागद चिकटवला :
पाहिजे, अनुभवी, कष्टाळू,
उन्हात काम करायची तयारी असलेला.
मी दोनदा वाचला.
नोकरी बरी वाटली.
मनात आलं, अर्ज करावा.

एकच पोरगा आला, चार्लव्हिलहून, लॅकलन नावाचा.
फाटकापाशी मलाच विचारलं, ऑफिस कुठाय?
मी हात पुसून दाखवलं,
वर सांगितलं, कुत्र्याला भिऊ नकोस,
तो फक्त टायरांवर भुंकतो.
पोरगा आत वीस मिनिटं होता.
वीस मिनिटं मी एकच बोल्ट आवळत होतो.
बाहेर येऊन म्हणाला, फार तापतं राव इथे,
आणि गाडीत बसला.
मी बोल्ट सैल केला.
मग हवा तेवढाच आवळला.

इंग्रजीच्या परीक्षेला ब्रिस्बेन, रात्रभर बस.
बाईंनी घड्याळ लावलं आणि विचारलं,
परत जावंसं वाटतं अशा एका जागेबद्दल बोला.
मी वर्कशॉपबद्दल बोललो.
पहाटेचं थंड लोखंड, रेडिओ,
गुरांच्या ट्रकमधून येणारा वास,
हे सगळं दोन मिनिटांत बसवलं.
येताना बसमध्ये इलोइलो आठवलं.
शेजारचा झोपला होता, बरं झालं.

जुना संपला, नवा यायचा.
मधल्या काळाला जो व्हिसा देतात
त्याचं नावच पूल.
पुलावर राहता येतं, काम करता येतं,
फक्त मागे उतरून गेलं
तर पुन्हा चढू देत नाहीत.
बाबांना वर्ष झालं तेव्हा
फोन बॉनेटला टेकवून उभा राहिलो,
टोपी काढून.
पाद्र्याचा आवाज मध्येच अडकायचा.
बहिणीने मेणबत्ती कॅमेऱ्याच्या इतकी जवळ आणली
की नुसता पिवळा रंग दिसला.

मंगळवारी मी ट्रकखाली होतो.
आधी ग्लेनिसचे बूट दिसले, मग गुडघे,
मग तिचं तोंड, आडवं.
आला, म्हणाली.
किती वर्षांचा?
चार.
मी म्हटलं, तो पाना दे जरा.
तिने चुकीचा दिला. मी तोच घेतला.

संध्याकाळी लिगायाला नवा आकडा सांगितला.
ती जिन्यावर गेली, थेट चौथीवर.
तिथून वर बघितलं, मग माझ्याकडे.
पप्पा, आठवी कुठाय?
आपल्याकडे पाचच आहेत.