पोत्यांसोबत निरोप

द्वारके,
तीन पोती चढवलीत वसमतच्या गाडीत.
कंडक्टर म्हणला, मावशी, यात काय?
म्हणलं, हळद.
खोटं न्हाई बोलले,
पुढल्या साली हळदच व्हायची हाय त्याची.

लाल चिंधीचं पोतं शरीफाबीच्या शेडातलं.
चहाच्या भुकटीवानी मोकळं, वासबी न्हाई.
एखादं गांडूळ निघालं तर किंचाळू नको,
चौथ्या मजल्यावर
ते तुझ्यापेक्षा जास्त भ्यालेलं असंल.

सुतळी बांधली ते लेंडीखत.
नागोराव हटकरानं तीन राती मेंढ्या बसवल्या
खालच्या पट्टीत.
दोन पायल्या ज्वारी नेली,
आन् कुत्र्याची भाकर येगळी.
लई उष्ण असतंय ते. मोगऱ्याला मूठभर,
तुळशीला चिमटीनं.
गुलाब जळला म्हणलीस,
पांढऱ्या गोळ्या कुणी घालाय सांगितल्या होत्या?

तिसरं आपल्या उकिरड्याचं.
त्यात काय न्हाई!
शेण, चुलीची राख, तुरीचा भुसा,
हळदीचा पाला, बैलाखालचा गवांडा,
आन् तुझ्या डोहाळजेवणातल्या
पळसाच्या पत्रावळ्या.
पार मुरल्यात.
मी चाळून बघितलं,
एक काडीबी ओळखू आली न्हाई.

फोनवर तू कुंड्यांचंच बोललीस.
मीबी कुंड्यांचंच बोलले.

उकिरड्यात मी सब्बल खुपसून ठेवते.
घटकाभरानं उपसून हात लावायचा.
चटका बसतोय तवर कच्चं.
एका साली घाई केली,
कच्चंच नेऊन टाकलं रानात,
हुमणीनं मुळ्या खाल्ल्या,
वरून हिरवं दिसायचं
आन् ओढलं की हातात यायचं.

हे तिसरं अजून कोमट हाय.
पाठवायचं नव्हतं, पण गाडी उभी होती.
गॅलरीत कोपऱ्याला राहू दे.
पाणी शिंपड, वरून गोणपाट टाक.
जावई म्हणतील वास येतोय.
येऊ दे.

तागाचं खत पोत्यात येत न्हाई,
न्हाईतर तेबी दिलं असतं.
पिवळ्या फुलावर आला
की नांगर घालावा लागतो त्याच्यावर.
पहिल्या साली मी बांधावरच बसले,
तुझ्या बापाला म्हणलं, आज नको, उद्या.
तीन दिस उद्या म्हणलं.
चौथ्या दिशी मीच कासरा धरला.

त्या रानात आता
अनवाणी चाललं की पाय रुततोय.

सब्बल कुठली तुझ्यापाशी,
उलथन्याची दांडी खुपस.
गार लागली की फोन कर,
रात असली तरी.

आन् पोती झटकून परत पाठव.
सुतळीचं उसनं हाय.