मोहोळचा पास

गड्ड्यातले मोठे पाळणे इथून दिसतात,
दिवे लागलेले, वर जाऊन खाली येणारे.
आवाज पोचत नाही.
मी जुन्या गोदामाच्या फाटकाशी खुर्ची टाकतो,
काठी, बॅटरी, शेंगाचटणीचा डबा.
माग विकल्यावर हेच काम मिळालं.

साडेअकराला पोरं येतात गाड्यांवरून.
"ओ मामा, सोडा की आत. नुसतं शूटिंग करूलालोय."
त्यांना सगळं पाठ असतं:
दोन वाजता आत कुणीतरी नावं पुकारतं,
ओ दिली की तिसऱ्या दिवशी माणूस तापानं जातो,
सेटलमेंटातल्या चोरांची भुतं आहेत ती,
पुरलेलं सोनं राखत बसलीत.
बिल्डरनंही एक मांत्रिक आणला होता, अक्कलकोट रोडचा.
त्यानं चार कोपऱ्यांत चार नारळ मांडले.
सकाळी तीनच होते.
एक मी खाल्ला.

सोनं कुठलं.
माझी खुर्ची आहे तिथून तारेचं कुंपण जायचं,
सायबण्णानं पावलं टाकून दाखवलं मला.
तो तारेच्या आत जन्मला.
नाळ पडायच्या आधी रजिस्टरात नाव,
नावाच्या आधी गुन्हा.
दिवसातून तीनदा हजेरी, त्यातली एक मध्यरात्री:
कारकुनाचा कंदील, आणि थंडीत
झोपेतून उठवलेली पोरंसुद्धा ओळीत.
उजाडलं की हीच माणसं मिलमध्ये,
भोंग्यावर आत, भोंग्यावर बाहेर.
तारेपलीकडे जायचं तर पास.
पासवर गाव, कारण, परतीची वेळ.
उशीर झाला की कोठडी.

त्याची थोरली चुलती रतनव्वा.
तिनं एक पोर मोहोळला ठेवलं होतं, लपवून,
त्याचं तरी नाव लागू नये म्हणून.
पोराला गोवर निघाल्याचा निरोप आला.
"कशाला जायचंय?" कारकून विचारी.
तेवढंच तिला सांगता येईना.
तीन रात्री तिनं पास मागितला.
चौथ्या रात्री नाव पुकारलं
आणि ओळीतून ओ आली नाही.
ती ओळीतच होती.
उभी.

पुढचं सायबण्णानं सांगितलं नाही,
बशीतला चहा निवला, साय धरली.
ओ दिली की मरतं म्हणतात पोरं.
उलटं आहे ते.

परवा दोन वाजता
कुणीतरी माझ्या समोर येऊन उभं राहिलं.
आत नाही, बाहेर, बॅटरीच्या उजेडाच्या जरा पलीकडं.
"साहेब," म्हणाली.
जन्मभर तुटलेले धागे जोडले मी,
साहेब कुणी म्हटलं नव्हतं.
"मोहोळला जायचंय."

कशाला, हे मी विचारलं नाही.
ड्यूटीच्या वहीचं पान फाडलं, लिहिलं:
रतनव्वा. मोहोळपर्यंत जाऊ द्यावे.
कारण विचारू नये.
परतीची वेळ, आणि तिथं नुसती रेघ ओढली.
खाली सही, राजमल्लू येमूल, रात्रपाळी.
शिक्का नव्हता.
अंगठ्याला चटणी लागली होती, तीच उमटली, तांबडी.
पान दगडाखाली ठेवलं.
सकाळी नव्हतं.
वाराही होता रात्री, तेही खरं.

दोन रात्री गोदाम नुसतं गोदाम होतं.
उंदीर, सैल पत्रा.
पोरं हिरमुसून गेली. "काय नाही बे इथं."
मी पहिल्यांदा भाकरी सावकाश खाल्ली.

तिसऱ्या रात्री गड्डा उठत होता.
पाळण्याचे अर्धे दिवे काढलेले,
वरचे पाळणे अंधारात लटकलेले.
ती आली, धापा टाकत, पदर काट्यांनी फाटलेला.
पान पुढं केलं, दोन्ही हातांनी.
तिला वाचता येत नाही,
हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.
त्या रेघेवर तिनं बोट ठेवलं.
"उशीर तर नाही झाला, साहेब?"